चार दिवसांच्या प्रीतीची नावे

सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील अल्पजीवी प्रेमसंबंधास दोन शब्द शेजारी शेजारी उभे असतात : मराठी ‘लफडे’ आणि गुजराती ‘लफरुं’. दोहोंचा रोख प्रीतीकडे नाही. मागे लागलेली नको ती गुंतागुंत, असाच तो आहे. ‘भानगडी’चीही तीच कथा. गुजरातीतील ‘भांजगड’ वाटाघाटीत आणि कटकटीत रमते. मराठीत मात्र भानगडीने शेजाऱ्याच्या दाराला कान लावला आहे.

‘प्रकरण’ हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात तो रूपकाचा एक प्रकार. ‘मृच्छकटिक’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तेथे गणिकेच्या प्रीतीलाही प्रतिष्ठा आहे. आमचे ‘प्रेमप्रकरण’ मात्र कचेरीच्या दप्तरातून आल्यासारखे, चौकशीसाठीच उघडलेले वाटते.

या सर्व शब्दांत बोलणारा तिऱ्हाईत असतो, हे आमच्या मते त्यांचे खरे वैगुण्य होय. स्वतःच्या प्रीतीस ‘लफडे’ कोणी जिव्हाळ्याने म्हणत नाही, थट्टेने म्हणेल. प्रेमिकांचा स्वतःचा शब्द मराठीत कधी नव्हताच असे नाही. शाहिरी लावणीत ‘इष्क’, ‘प्रीत’, ‘नाद’ हे शब्द ज्याचे दुखते त्याच्याच, किंबहुना पुष्कळदा तिच्याच, तोंडी येतात. (लावण्या रचणारे बहुतेक पुरुष होते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे.) पुढे शालेय गद्याने या शब्दांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. बडोद्यास जन्मलेल्या माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि कवितेत फार्शी वळणाची प्रीती आणली. कादंबरीच्या संवादांत ती फारशी उतरली नाही.

सुरतेच्या नर्मदाने १८६६ साली ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहिले. ते सर्वांच्या हाती पडावयास १९३३ साल उजाडले. स्वतःविषयी इतक्या निःसंकोचपणे लिहिणाऱ्याचे गद्य मराठीत आणू पाहणाऱ्याने अशा स्थळी कोणता शब्द योजावा? ‘प्रकरण’ लिहिले की कबुलीचे आरोपपत्र होते. ‘प्रेमसंबंध’ लिहिला की सारे सोवळे होऊन बसते.

विद्यार्थ्याच्या कथेतील ‘लफडे’ खोडून समासात ‘प्रेमसंबंध’ लिहिणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत, आणि ते पाप आमच्याही हातून घडले आहे. खोडण्यापूर्वी बोलतो कोण, एवढे पाहावयास हवे होते. बोलणारी आत्याबाई असेल तर ‘लफडे’च योग्य. ती मुलगी स्वतः बोलत असेल, तर आमची दुरुस्तीही चूकच.