‘स्मृतिचित्रे’ आणि मुकी मंडळी

वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवत होतो. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, लक्ष्मीबाईंनी विटाळ टाकला, पण ज्यांचा विटाळ मानला जात होता, त्यांना काय वाटले?” घरातला पहिला पदवीधर मी, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. मिशनची परंपरा काँग्रिगेशनल. वर बिशप नाही. मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा, हे तत्त्व. नगर-राहुरीकडच्या मंडळ्या मुख्यतः महार-मांगांनी उभ्या राहिल्या. गावच्या चावडीवर ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यासाठी हे तत्त्व म्हणजे केवढी क्रांती!

लक्ष्मीबाई प्रांजळ आहेत. आपली किळसही त्या लपवीत नाहीत. परंतु मराठी समीक्षेने गौरविला तो ब्राह्मण स्त्रीचा त्याग. ज्यांच्यापाशी त्यागायला सोवळेच नव्हते, ती माणसे पार्श्वभूमीच राहिली. १९५०च्या राष्ट्रपती-आदेशाने हिंदूंखेरीज सर्वांना अनुसूचित जातींबाहेर ठेवले. पुढे १९५६ला शीख, १९९०ला बौद्ध आत आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहे. कायद्याला तो दिसत नाही, साहित्यालाही नाही.

म्हणून त्या विद्यार्थ्याला म्हटले, तुझ्या आजीला विचार आणि लिही. दुसरे ‘स्मृतिचित्रे’ तिथे आहे.