सी भाषेत थ्रेडला माहिती देण्याची पद्धत : एक चिकित्सा

सी भाषेत थ्रेड निर्माण करणारे 'पीथ्रेड_क्रिएट' हे फंक्शन १९९५ च्या पॉझिक्स प्रमाणकातून रूढ झाले. त्याला चार आर्ग्युमेंट द्यावी लागतात. त्यांपैकी चौथे, म्हणजे व्हॉइड पॉइंटर, नव्या थ्रेडला माहिती देण्यासाठी असते. ही रचना वरकरणी सुटसुटीत वाटते. तथापि तिच्याद्वारे माहिती पाठविली जात नाही, केवळ तिचा पत्ता पाठविला जातो. बहुतेक चुकांचे मूळ या भेदात आहे.

लूपमध्ये चार थ्रेड निर्माण करताना लूपच्या चलाचाच पत्ता दिला, तर चौघांनाही एकच पत्ता मिळतो. थ्रेड ती किंमत वाचेपर्यंत मुख्य थ्रेड ती बदलू शकतो. परिणामी ०, १, २, ३ ऐवजी १, ३, ४, ४ असेही आकडे मिळू शकतात. २०११ च्या सी प्रमाणकानुसार अशा प्रोग्रामचे वर्तन अनिश्चित ठरते. म्हणून चाचणीत आलेले योग्य उत्तर हा प्रोग्रामच्या अचूकतेचा पुरावा होत नाही. मध्ये विलंब घातल्यास दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

पूर्णांकालाच पॉइंटरचे रूप देण्याचा उपाय अनेकदा सुचविला जातो. मात्र त्या रूपांतराचा परिणाम कंपायलरवर अवलंबून असतो आणि एकाहून अधिक मूल्ये त्यातून देता येत नाहीत. प्रत्येक थ्रेडसाठी स्वतंत्र स्ट्रक्चर ठेवणे हा अधिक योग्य मार्ग होय. अशा स्ट्रक्चरांचा अ‍ॅरे 'पीथ्रेड_जॉइन' पूर्ण होईपर्यंत अस्तित्वात असला पाहिजे. थ्रेड निर्माण करणारे फंक्शन आधीच संपणार असेल, तर 'मॅलॉक'ने मेमरी घ्यावी व थ्रेडने ती मुक्त करावी. थ्रेड निर्माणच झाला नाही, तर ही जबाबदारी निर्मात्याकडे परत येते.

यांपैकी कोणतीही अट फंक्शनच्या घोषणेत दिसत नाही, ही या रचनेची खरी उणीव आहे. कोणत्याही प्रकारची माहिती एकाच पॉइंटरने देता येते, हा तिचा गुण मान्य करावा लागेल. परंतु मेमरीची मालकी आणि तिचे आयुष्य यांविषयी ती मौन बाळगते. २०११ च्या सी प्रमाणकातील 'थ्रड_क्रिएट'नेही हेच मौन कायम ठेवले. त्याच वर्षीच्या सी++ प्रमाणकाने मात्र थ्रेडला दिलेल्या आर्ग्युमेंटची प्रत घेण्याची पद्धत स्वीकारली.

म्हणून सी भाषेच्या अध्यापनात 'ही मेमरी कोणाची आणि कोठवर?' हा प्रश्न व्याकरणाआधी यावयास हवा.