पुलाची पातळी

आमच्या घरी जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात. शेजारणीकडे कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात तेव्हा माझा ओटा पुसून झालेला असतो आणि मी फ्रिजवरच्या रेडिओजवळ खुर्ची ओढून बसलेली असते. नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीत रेडिओ ऐकणारी मी बहुधा एकटीच उरले आहे. सुनेला वाटतं, आईंना जुन्या गाण्यांची आवड आहे. गाणी मी ऐकते, नाही असं नाही. पण रेडिओवर माझं लक्ष असतं ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी, आणि ती मला उज्जैनीत इतकी वर्षं काढूनही मिळालेली नाही. तिच्याबद्दलच हे लिहिते आहे.

मी सांगलीची. सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं १९६३ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. आमच्या घरात तो रेडिओ आण्णांचा होता. गणपती पेठेत दुकान, त्यामुळे हळदीचा आणि गुळाचा भाव ऐकल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरायचा नाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागायच्या, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोललेलं चालत नसे. पण पावसाळ्यात तोच रेडिओ आमच्या आजीचा व्हायचा. आजीला अक्षरओळख जेमतेम होती. तिला फक्त एक आकडा हवा असायचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे?

चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. हे आजीला तोंडपाठ होतं. पस्तीसचा आकडा ऐकला की ती जोंधळ्याच्या पोत्यांकडे एकदा बघून यायची. अडतीसला सून-नातींना हाक. चाळीस झालं की पोती माळ्यावर, लोणच्याच्या बरण्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात. कोयनेतून किती पाणी सोडलं हेही ती ऐकायची, आणि ते सांगलीत कधी पोचेल याचा तिचा स्वतःचा हिशेब असायचा. इंजिनियर काय सांगतील तिच्यापुढे!

मला विचाराल तर बातमी ती हीच. ऐकणाऱ्या बाईनं ऐकलं आणि पोतं उचललं. देशाचं राजकारणही बातमीच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, पण त्यानं आमच्या आजीचं पोतं जागचं हललं नसतं.

लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा कानाला इंदूर केंद्र लागलं. मालवा हाउसमधलं हे केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झालं. साठ-पासष्टच्या आतबाहेरच्या कुणाही माळव्यातल्या माणसाजवळ 'नंदाजी-भेराजी' एवढं म्हणून बघा, त्याचा चेहरा उजळतो. 'खेती-गृहस्थी' या कार्यक्रमातली ही दोन खेडूत माणसं चक्क माळवीत बोलायची. सासरी सगळे मराठी बोलणारे, बाहेर हिंदी, आणि भाजीवाली बोले ती माळवी मला ओ की ठो कळायची नाही. ती मी या कार्यक्रमावर शिकले. थट्टा, कुरकुर, हवापाण्याच्या गप्पा, आणि त्यात गुंडाळून बियाण्याची, खताची, फवारणीची माहिती. मुंबई केंद्रावर पंत, मीना वहिनी आणि टेकाडे भाऊजी जे करायचे तेच हे, फक्त चाळीऐवजी ओट्यावर बसून.

यातली खुबी मला फार उशिरा कळली. कृषितज्ज्ञ एकटा बोलायला लागला की ते भाषण होतं. पण त्याच्यासमोर एखादा भेराजी बसून "म्हणजे काय हो?" असं विचारतो, तेव्हा तज्ज्ञाला आपलं शास्त्र शेतकऱ्याच्या भाषेत आणावंच लागतं. ऐकणाऱ्याच्या वतीनं विचारणारा माणूस स्टुडिओत बसवायचा, ही एवढीच युक्ती. आकाशवाणीनं ती शेतीसाठी वापरली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. माझी तक्रार अशी, की हीच युक्ती बातम्यांच्या वेळी कुठे जाते? खेडूत मंडळींनी निरोप घेतला की गंभीर आवाज येतो, हिंदी एकदम राजधानीतली होते, आणि आपण सगळे आता गप्प बसून ऐकणारे झालो हे न सांगता कळतं.

मध्ये 'जिले की चिट्ठी' नावाचा प्रकार असे. महाराष्ट्रातल्या केंद्रांवर त्याला जिल्हा वार्तापत्र म्हणतात. नाव किती गोड, चिठ्ठी! लग्न होऊन दूर आलेल्या बाईला तर चिठ्ठी या शब्दानंच भरून येतं. मी कान देऊन ऐकायची. सांगलीची आणि इकडची, दोन्हीकडच्या अशा चिठ्ठ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, म्हणून कुठल्या एका केंद्राला न धरता सांगते. त्या चिठ्ठीत माणसं फारशी नसतात. त्यात उद्घाटनं असतात, लक्ष्यं असतात, लक्ष्यांची पूर्तता असते. वाक्यं अशी, की काम कुणी केलं हे ऐकू येत नाही. रस्ता 'करण्यात आला', शिबिर 'घेण्यात आलं'. आपल्या आक्कानं जर मला पत्रात लिहिलं असतं की 'घरात पुरणपोळ्या करण्यात आल्या व त्यांचे वाटप करण्यात आले', तर मी आधी फोन करून तिची तब्येत विचारली असती.

आणि बायका? बायका या चिठ्ठीत असतात, पण 'लाभार्थी' म्हणून. संख्येनं येतात आणि संख्येनंच जातात. एवढ्या महिलांना शिलाई मशिनं. त्यातल्या एकीला विचारावं, की बाई, मशीन मिळालं, पण वीज किती तास असते? एवढा एक प्रश्न विचारला असता तर ती चिठ्ठी झाली असती.

बायकांसाठी वेगळा कार्यक्रम आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. दुपारचा असतो, आणि आमच्या पिढीच्या कित्येक बायकांना पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर बसायला त्यानंच शिकवलं, हे उपकार मी विसरणार नाही. पण त्याची ठेवण बघा. पाककृती, बाळाचं लसीकरण, केसांचं आरोग्य, एखादं लोकगीत. पाककृतीचं तर माझं पहिल्यापासून हसं होतं. पेन्सिल घेऊन बसावं, आणि दुसऱ्याच वाक्याला "कांदा-लसूण परतून घ्या". पेन्सिल खाली. तेही असो. पण सल्ला सगळा आपल्याला आणि बातमी सगळी पुरुषांना, ही वाटणी कुणी केली? पोती उचलली ती आजीनं. आण्णा तेव्हा दुकानात होते.

ही नुसती कुरकुर वाटत असेल तर २०१६च्या सिंहस्थातला एक दिवस सांगते. ५ मे. दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि जे वादळ आलं ते उज्जैनवाल्यांच्या लक्षात आहे. मेळ्यातले मंडप कोसळले, सात माणसं गेली. त्या दिवशी हे आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना घेऊन मंगळनाथाच्या बाजूला गेले होते. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोन लागेना. दिवे गेले, टीव्ही गेला. मी सेलवरचा रेडिओ काढला आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. एका ठिकाणी सिनेमाची गाणी, एका ठिकाणी कसलीशी जाहिरात, एका ठिकाणी दिल्लीची चर्चा. नावं घेत नाही, कारण दोष एकाचा नाही. पण माझ्या घरापासून काही मैलांवर माणसं मंडपाखाली होती आणि त्या डब्यात त्याचा मागमूस नव्हता. खालच्या भाभींच्या फोनवर मात्र निरोपांवर निरोप. कुणी म्हणे घाट वाहून गेला, कुणी आकडा पन्नास सांगे, कुणी शंभर. रात्री साडेनऊला हे चिखलानं भरलेले घरी आले. तोवरच्या पाच तासांत मी किती वेळा काटा फिरवला याला गणती नाही. पाणी कुठे भरलंय आणि कुठला रस्ता बंद आहे, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तर मला पुरलं असतं.

नंतर मी याचे नियम कुठे लिहिलेत ते शोधून वाचले. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं, त्याचा तेवढा उपयोग झाला. खाजगी एफएमना आणि सामुदायिक रेडिओला आपल्या देशात स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस्स. मात्र २०११च्या धोरणात एक यादी दिली आहे. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, सणसमारंभ, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, प्रशासनाकडून मिळालेले आरोग्याचे इशारे, हे बातमीत धरायचं नाही. म्हणजे हे सांगायला कुणाची मनाई नाही! मंडप पडले हे सांगता येतं. ते का पडले हे विचारलं की ती बातमी होते, आणि तिथे दार बंद.

वर्तमानपत्राला जे चालतं, टीव्हीवर चोवीस तास ओरडून चालतं, ते रेडिओला का चालू नये, हे मला कुणी समजावून द्यावं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालानं ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता ठरवली, त्याच्या लेखकांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता जनतेची आणि तिच्यावरून गल्लीची बातमी द्यायला जनतेला बंदी, हा हिशेब आमच्या आजीला पटला नसता.

तरी त्या बंद दाराच्या फटीतून बायकांनी पुष्कळ केलं आहे. माझी एक मावशी म्हसवडला असते, साताऱ्याच्या माण तालुक्यात. तिथे माणदेशी फाउंडेशनचा रेडिओ आहे, ९०.४वर, २००८पासून. मावशीच्या स्वयंपाकघरात तो मी दोन दिवस ऐकला. निवेदिकेची भाषा मावशीचीच, हेल सुद्धा तोच. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख, त्यामुळे जनावरं, चारा, पाणी, बचतगटाचं कर्ज हे बोलण्यात आपसूक येतं. कार्यक्रम कधी रेंगाळतो, कधी आवाज नीट लागत नाही, एकदा तर मागे कोंबडं आरवलं. मावशीनं मान वर करून म्हटलं, "कुणाचं गं ते?" कोंबडं रेडिओतलं आहे हे तिला पटायला वेळ लागला! तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला दलित बायकांनी चालवलेला संघम रेडिओही त्याच वर्षी सुरू झाला. सामुदायिक रेडिओवरचा निदान निम्मा मजकूर स्थानिकांच्या सहभागातून तयार झाला पाहिजे, असा नियमच आहे. हा नियम मला फार आवडतो. तो मोठ्या केंद्रांनाही लावून बघायला हरकत नाही.

मोठ्या केंद्रांचं मात्र उलटं चाललं आहे. जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं. म्हणजे आण्णांचे सात-दहा! पुण्यात एवढी ओरड झाली की निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. बातमी वाचून मी आधी खूश झाले आणि मग जरा खजील झाले. उद्या इकडचं असं काही बंद झालं तर आम्ही ओरडू का? आमच्या मंडळात मी विचारलं. एकीनं विचारलं, "रेडिओवर बातम्या लागतात अजून?" तिचं तरी काय चुकलं. जिथे आपली बातमी कधी आलीच नाही तिथे ती ऐकायला का जाईल? मुनींचा विहार कुठवर आला, नळाला पाणी कधी येणार, कुणाकडे दुःख झालं, हे सगळं ग्रुपवर येतं. त्यातलं निम्मं खोटं निघतं. मागच्या चातुर्मासात एका जिवंत आजोबांना तिथे श्रद्धांजली वाहून झाली, आणि ते स्वतः त्या ग्रुपवर आहेत.

आता मोबाइलवर सांगली केंद्र लागतं. मुलानं लावून दिलं. पाऊस सुरू झाला की नानाखेड्यात बसून मी कृष्णेची पातळी ऐकते. २००५च्या महापुरात आक्काला फोन लागत नव्हता तेव्हा हे असतं तर, असं वाटून जातं. आता आक्का नाही, माळा नाही, पोतीही नाहीत. तरी आकडा ऐकते. आणि इथे, शहरातून वाहणाऱ्या क्षिप्रेला किती पाणी आहे हे बघायला शेजारच्या मुलाला स्कूटरवरून रामघाटावर पाठवते.

२०२८ला पुन्हा सिंहस्थ आहे. श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम अजून असतो, म्हणून गेल्या आठवड्यात मी एक कार्ड टाकलं. हिंदीत लिहिलं, चुका सुनेनं काढल्या. लिहिलं की महोदय, पावसाळ्यात आणि मेळ्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी, शेतीचा कार्यक्रम संपला की, दोन मिनिटं द्यावीत. रामघाटावर पाणी किती, कुठला पूल बंद, कुठला रस्ता खुला. जमल्यास माळवीत सांगावं. आणि सांगणाऱ्याच्या शेजारी एका बाईला बसवावं, ती काय विचारायचं ते विचारेल.