भिंतीचा पत्ता, माणसाचं नाव

न्यूयॉर्कच्या पहिल्या भुयारी रेल्वेच्या बांधकामाची छायाचित्रं आम्ही प्रथम पाहिली, तेव्हा आमच्या तोंडूनही ‘वा!’ असंच निघालं. उघडा पडलेला रस्ता, लाकडी टेकूंवर तोललेले ट्रामचे रूळ, खड्ड्यात लोंबकळणारे नळ, काठावर बघे. पण मंडळी, आज ‘वा’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारू या. ही छायाचित्रं काढली कशासाठी?

काम मार्च १९०० मध्ये सुरू झालं आणि २७ ऑक्टोबर १९०४ रोजी गाडी धावली. बराचसा मार्ग रस्ता वरून खोदून, खाली बोगदा बांधून, पुन्हा झाकून केलेला. म्हणजे खोदाई थेट लोकांच्या उंबरठ्याशी. उद्या एखादा घरमालक म्हणाला, ‘तुमच्या सुरुंगानं माझी भिंत तडकली’, तर? भिंत आधी कशी होती, याचा पुरावा हवा. कामाच्या प्रगतीची नोंद हवी होतीच, पण हे कारणही तितकंच मोठं. त्यासाठी पिअर पुलिस आणि पुढे त्यांचे बंधू ग्रॅनव्हिल मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन फिरत राहिले.

आता आमचा मुद्दा. समीक्षक ज्या सरळ, समोरासमोरच्या मांडणीला ‘शैली’ म्हणतात, ती आधी गरज होती. भेग असेल तर ती स्पष्ट दिसली पाहिजे, बस्स. गंमत अशी की त्याच काटेकोरपणामुळे पाट्या, दुकानं, खिडक्या, सगळं शहर आपसूक प्लेटेवर उतरलं.

आणि माणसं? इटालियन, आयरिश मजूर चौकटीत येतात, काही जण हात थांबवून थेट आपल्याकडे बघतात. जागेची नोंद आहे, तारीख आहे. त्यांचं नाव मात्र सहसा नाही. कारण भरपाई मागायला येणार होता तो भिंतीचा मालक. ऑक्टोबर १९०३ मध्ये फोर्ट जॉर्जच्या बोगद्यात खडक कोसळून दहा माणसं गेली. तो हिशेब या भिंतींच्या छायाचित्रांत कुठून सापडणार?

यात पुलिस बंधूंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी नेमलेलं काम चोख केलं, आणि चौकटीत आलेल्या माणसाला बाजूला सारलं नाही, हेही थोडं नव्हे. चूक होते ती आपली. आपण हे चित्र सुंदर म्हणून भिंतीवर टांगतो आणि ते कुणाच्या बाजूचा पुरावा होतं, हे खाली लिहीत नाही. तेवढी एक ओळ लिहिली, की मजुराची ती नजर वेगळीच वाटू लागते. पुन्हा एकदा बघा.