गोष्ट लग्नापाशीच का सुरू होते?

कोड असलेली मुलगी मराठी पडद्यावर नायिका म्हणून आली ती 'नितळ'मध्ये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २००६चा चित्रपट. त्यामागे डॉ. माया तुळपुळे यांच्या 'श्वेता असोसिएशन'चा पुढाकार होता. देविका दफ्तरदार यांनी रंगवलेली नीरजा डोळ्यांची डॉक्टर आहे आणि तिच्या चेहऱ्यावर पांढरे डाग आहेत. सहकारी डॉक्टर तिच्या प्रेमात पडतो, तिला आपल्या घरी नेतो आणि मोकळ्या विचारांच्या म्हणवणाऱ्या माणसांचा तिथे कस लागतो. नीरजाच्या चेहऱ्याकडे हा चित्रपट सरळ बघतो. त्यासाठी त्याचं ऋण मान्य करायलाच हवं.

एक गोष्ट मात्र टोचते. नीरजा हुशार आहे, समंजस आहे, डॉक्टर आहे. ती अभ्यासात बेताची आणि जराशी चिडकी असती, तर तिला हो म्हणणं त्या घराला किती जड गेलं असतं! डागाची भरपाई गुणांनी करून द्यायची आपल्या कथांना सवयच आहे. 'सत्यम् शिवम् सुंदरम्'मधल्या रूपाचा चेहरा भाजलेला, म्हणून गळा गोड.

दुसरं म्हणजे, गोष्ट सुरू होते तीच स्थळाच्या वयात. कोड असलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना ते विशीच्या आत सुरू होतं. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते कुणाला लागत नाही, पण वर्गात बाकावर शेजारी बसणाऱ्याला हे कोण सांगणार? तेव्हा खरी गोष्ट शाळेतच सुरू झालेली असते.

ती तिथे पकडणारी लेखिका म्हणजे अमेरिकेची ज्युडी ब्लूम. तिच्या 'डीनी' (१९७३) या कादंबरीत इसब असलेल्या वर्गमैत्रिणीचा हात धरायला डीनी कचरते. पुढे डीनीच्याच पाठीला ब्रेस लागतो, अंगावर पुरळ उठतं, आणि तिची नजर बदलते. एवढ्यासाठी नायिकेलाही पुरळ यावं लागतं, हे मला थोडं सोपं वाटतं.

कॅनडाच्या ॲलिस मन्रो यांची 'फेस' ही २००८ची कथा मात्र कुठेच सोपी होत नाही. अर्ध्या चेहऱ्यावर जांभळट जन्मखूण असलेला मुलगा आणि त्याच आवारात राहणारी नॅन्सी एकत्र वाढतात. एक दिवस नॅन्सी आपला अर्धा चेहरा लाल रंगाने माखते आणि आनंदाने त्याला दाखवते: बघ, मी तुझ्यासारखी झाले. त्याला ती चेष्टा वाटते. तो पिसाळतो, त्याची आई भडकते, मैत्री तिथेच तुटते. पुढे नॅन्सी स्वतःच्या गालावर पात्याने वार करते, आणि त्याला ते कळतं कित्येक वर्षांनी, आईकडून. इतकी वर्षं त्याने सगळ्यांची नजर ओळखायला शिकून घेतलेली असते, आणि जिच्या नजरेत फक्त प्रेम होतं तिचीच ओळखायची राहून जाते. मन्रो त्याला बिचारा करत नाहीत, थोर तर नाहीच नाही. तो चुकतो, कारण तो लहान आहे आणि दुखावलेला आहे. इतकी मोकळीक आपल्याकडच्या किती पात्रांना मिळते?

जॉन अपडाइक यांना स्वतःलाच सोरायसिस होता. त्यांच्या 'द सेंटॉर' (१९६३) या कादंबरीतला पंधरा वर्षांचा पीटर तेच घेऊन वावरतो. कपड्यांखाली काय झाकलंय हे मैत्रिणीला सांगायचं कधी, सांगायचं कसं, याचा घोर तिथे शाळा, घर, वडिलांची काळजी यांच्या जोडीने चालतो. त्वचा हा त्याच्या आयुष्यातला एक प्रश्न आहे, एकुलता नव्हे.

मराठीत अशा गोष्टीला सामग्री कमी नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ले म्हणून कोड झालं, असं ठासून सांगणारी आत्या. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभं करणाऱ्या बाई. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे येणार म्हणून दिवसभर मामाकडे पाठवलेला धाकटा भाऊ. आणि त्याच मुलाने क्रिकेटमध्ये रडीचा डाव खेळणं, परीक्षेत कॉपी करणं, एखाद्या मुलीवर उगाच भाळणं. हे सगळं लिहायला अकरावी-बारावीतलाच नायक हवा, आणि त्याचं लग्न जमतं की नाही हे शेवटच्या पानापर्यंत कुणी विचारता कामा नये.