सरकलेला मध्य आणि अपुरी सिद्धता

पदवी-परीक्षेच्या गतिशास्त्रात एक प्रश्न जुना असूनही शिळा झालेला नाही. सरळ रेषेत जाणाऱ्या कणाचा वेग आणि त्याचे स्थान यांचा संबंध द्यावयाचा, आणि त्याची गती सरल हरात्मक आहे असे सिद्ध करण्यास सांगावयाचे. मात्र गतीचा मध्य आरंभबिंदूवर नसून बाजूला सरकलेला असतो. लोनी यांच्या १९०९ सालच्या गतिशास्त्रावरील ग्रंथावर वाढलेल्या पिढ्यांना हा प्रकार पाठ आहे. या प्रश्नाचे जे उत्तर रूढ झाले आहे ते सिद्धता या नावास पात्र आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. आरंभबिंदूपासून कणाचे अंतर क्ष असून, वेगाचा वर्ग = ४(५ − क्ष)(क्ष + १) असे दिले आहे. रूढ उत्तर असे: कालाच्या सापेक्ष अवकलन करावे, दोन्ही बाजूंचा वेग हा अवयव काढून टाकावा, प्रवेग = −४(क्ष − २) असे मिळवावे आणि ‘म्हणून गती सरल हरात्मक आहे’ असे लिहून रेघ मारावी. उत्तर बरोबर आहे. परंतु सिद्धतेत तीन जागा मोकळ्या राहिल्या आहेत.

पहिली जागा व्याख्येची. सरल हरात्मक गतीत प्रवेग एका स्थिर बिंदूकडे रोखलेला आणि त्या बिंदूपासूनच्या अंतराच्या समप्रमाणात असावा लागतो. येथे प्रवेग क्ष च्या समप्रमाणात नाही. म्हणून य = क्ष − २ असे स्पष्ट मांडले पाहिजे, आणि २ हा स्थिरांक असल्यामुळे क्ष व य यांची द्वितीय अवकलजे समान आहेत, हेही सांगितले पाहिजे. त्यानंतरच प्रवेग = −४य हे विधान व्याख्येशी जुळते. मध्य कोणता हे न सांगणारा विद्यार्थी पुढे परमप्रसर ५ सांगतो, कारण तो आरंभबिंदूपासून मोजतो. वस्तुतः कण −१ आणि ५ यांच्या दरम्यान फिरतो. परमप्रसर ३ आहे.

दुसरी जागा अधिक नाजूक आहे. वेगाने भागताना वेग शून्य नाही असे गृहीत धरले जाते. पण दोन्ही टोकांना तो शून्यच असतो. क्ष = ५ येथे कायम स्थिर राहिलेला कणही दिलेला संबंध तंतोतंत पाळतो. त्याचा प्रवेग शून्य, आणि आपले सूत्र मात्र −१२ सांगते! म्हणजे केवळ दिलेल्या समीकरणावरून निष्कर्ष निघत नाही. कण टोकाशी क्षणमात्रच थांबतो हे गृहीतक उच्चारले, तर त्या क्षणांचा प्रवेग सीमा घेऊन मिळतो. ते न उच्चारता केलेला भागाकार ही निव्वळ सवय होय.

तिसरी जागा व्याप्तीची. हूकचा नियम पाळणाऱ्या हलक्या स्थितिस्थापक दोरीला वजन टांगले असता ती ९.८ सेंमी ताणली जाऊन समतोल साधते, असे समजा. गुरुत्वप्रवेग ९८० सेंमी प्रति सेकंद वर्ग धरल्यास, ताण त असताना खालच्या दिशेचा प्रवेग −१००(त − ९.८) येतो. मध्य येथेही सरकलेला आहे. वजन समतोलापासून आणखी ६ सेंमी खाली ओढून सोडले तर सर्व गती सरल हरात्मक होते. १५ सेंमी ओढले तर मात्र वजन समतोलाच्या ९.८ सेंमी वर येताच दोरी सैल पडते आणि पुढे केवळ गुरुत्वाची सत्ता उरते. समीकरण तेच, पण ‘दोरी ताणलेली असेपर्यंत’ हे शब्द गाळल्यास निष्कर्ष खोटा ठरतो.

नांदेड आणि लातूर येथील अध्यापकांना या चर्चेचे अगत्य अधिक असावे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात ही दोन्ही शहरे येतात, आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी दोहोंची कीर्ती आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग तर राज्यभर रूढ आहे. कसून सराव हे या पद्धतीचे बळ, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बहुपर्यायी परीक्षेत मध्य २, परमप्रसर ३ आणि आवर्तकाल पाय सेकंद एवढे ओळखले की काम भागते. ‘म्हणून’ या शब्दाचा हिशेब तेथे कोणी मागत नाही. तोच विद्यार्थी पदवीवर्गात आला की ‘सिद्ध करा’ ही आज्ञा त्याला ‘उत्तर काढा’ अशीच ऐकू येते. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. शेवटच्या ओळीला गुण देणारा परीक्षकही त्यात वाटेकरी आहे.

उपाय अवघड नाही. पाच गुणांच्या प्रश्नात प्रवेगाच्या सूत्राला दोन गुण ठेवावेत. उरलेले तीन मध्य निश्चित करून केलेले स्थानांतर, भागाकाराचे समर्थन आणि निष्कर्षाची व्याप्ती यांना प्रत्येकी एक असे द्यावेत. प्रश्नकर्त्यानेही ‘कण टोकाशी क्षणमात्रच थांबतो’ हे वाक्य प्रश्नात घालावे, किंवा त्याची आवश्यकता काय असा उपप्रश्न विचारावा. मध्य दोन एकक सरकला तर गणित फारसे बदलत नाही. पण तो का सरकविता येतो हे सांगता येणे, हीच गणिताच्या विद्यार्थ्याची ओळख आहे.