विलास सारंग आणि मराठी कथेची अर्धी राहिलेली वाट

मराठीत काफ्काचं नाव पुष्कळ घेतलं जातं, पण त्याची रीत फार थोड्यांनी उचलली. एकटेपणा, उदासी, कोंदट खोल्या, एवढंच बहुतेकांनी घेतलं. प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ नोकरी केलेला हा लेखक अशक्य घटना कचेरीतल्या अहवालासारखी सरळ मांडतो. १९१५च्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये ग्रेगर साम्सा किडा होऊन जागा होतो आणि थोड्याच वेळात त्याला घोर लागतो तो चुकलेल्या गाडीचा. बोरिवली-मुलुंडच्या वाचकाला हा घोर समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे मर्ढेकरांनी १९४२ सालीच ‘रात्रीचा दिवस’मध्ये संज्ञाप्रवाह आणला. पुढे ‘कोसला’ने (१९६३) निवेदनाची शिस्त मोडली, भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) नाक्यावरच्या पोरांची बोली जशीच्या तशी कागदावर उतरवली. पण या साऱ्यांत बाहेरचं जग जागच्या जागीच राहिलं. ते हलवलं विलास सारंगांनी.

१९४२ साली कारवारला जन्मलेले सारंग इराकमध्ये बसऱ्याला शिकवत होते. पुढे मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख झाले. त्यांचा ‘सोलेदाद’ हा कथासंग्रह १९७५चा. त्यांच्या एका कथेत एम. चाक्को नावाचा माणूस मुलाखतीत एका बेटाची हकिकत सांगतो. तिथल्या बायका अर्ध्याच देहाच्या आहेत: कुणी फक्त वरची, कुणी फक्त खालची. सारंग कुठेही आवाज चढवत नाहीत, अर्थ सुचवत नाहीत. त्या थंडपणामुळेच वाचकाचा थरकाप होतो. मराठी कथेला हा संयम त्यांनी दिला, आणि तो मला भाषिक प्रयोगांपेक्षा मोलाचा वाटतो.

मात्र याच कथेत त्यांची उणीवही दिसते. बाईचा देह तिथे कल्पनेचं साहित्य होऊन राहतो. तिला स्वतःचं म्हणणं नाही. ग्रेगरभोवती आई, बाप, बहीण, घरभाडं, कर्ज असं सगळं असतं आणि म्हणून त्याचं किडा होणं घरभर पसरतं. सारंगांची माणसं बहुधा सुटी, बिननात्याची. उपनगरी मराठी घर त्यांच्या कथेत फारसं शिरलंच नाही.

ते घर आज कथेची वाट पाहत आहे. काफ्काच्या ‘द कॅसल’मधला (१९२६) भूमापक जसा परवान्यासाठी ताटकळतो, तसंच ताटकळणं पुनर्विकासात सापडलेल्या घाटकोपर-अंधेरीच्या कुटुंबांना पाठ आहे: संमतिपत्रं, रखडलेलं भाडं, संक्रमण शिबिर, पुढची तारीख. आजची बरीचशी वास्तववादी कथा मात्र बिल्डरला खलनायक ठरवून मोकळी होते. संमतिपत्रावर सही करणारा हात आपल्याच वडिलांचा असतो, भावाभावांत फूट पाडणारा कागद आपल्याच कपाटात असतो. तिथवर जायला सारंगांचा थंड स्वर हवा आणि त्यांनी बाहेर ठेवलेली नातीही हवीत.